ल्यूज आणि स्केलेटन: पाय पुढे की डोकं पुढे, एवढ्यावर भागत नाही

हिवाळी ऑलिम्पिक सुरू झालं की आमच्या घरी दर चार वर्षांनी तोच प्रश्न येतो. बर्फाच्या पन्हळीतून कोणीतरी सुसाट खाली येत असतं आणि सोफ्यावरून विचारणा होते, "हे परवा बघितलं तेच ना?" तेच नसतं. परवा ल्यूज होतं, आज स्केलेटन आहे. ट्रॅक तोच, वळणं तीच, अंगाला चिकटलेले कपडे तसेच, समालोचकाचा चढलेला आवाजही तसाच. गोंधळ होणारच.

पहिली खूण बहुतेकांना ठाऊक असते. ल्यूजवाला उताणा, पाय पुढे. स्केलेटनवाला पालथा, डोकं पुढे. बागेतल्या घसरगुंडीवरून शहाणी पोरं येतात ते ल्यूज आणि ज्यांच्या आया खालून ओरडतात ते स्केलेटन. पण ही खूण ओळख पटवण्यापुरतीच. तेवढ्यावर खेळ बघायला बसलात तर तिसऱ्या स्पर्धकापर्यंत तुम्हाला जांभई येईल, कारण मधल्या वळणांत सगळेच सारखे दिसतात. बघायचं ते वरच्या पहिल्या पाच सेकंदांत आणि खालच्या आकड्यांच्या शेपटीत.

आधी वरचं. ल्यूजमध्ये खेळाडू स्लेडवर, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या छोट्या गाडीवर, बसूनच सुरुवात करतो. दोन्ही बाजूंना पक्क्या बसवलेल्या मुठी धरतो, मागेपुढे झोके घेतो आणि एका झटक्यात स्वतःला पुढे ओढतो. लगेच हातमोज्यांच्या बोटांना लावलेल्या बारीक खिळ्यांनी बर्फावर तीन-चार वल्ही मारतो आणि पाठ टेकतो. सगळी ताकद खांद्यांची, पाठीची, बोटांची. पायांना इथे काहीच काम नाही.

स्केलेटनमध्ये अगदी उलट. खेळाडू कमरेत वाकून, स्लेडला हात लावून, खिळ्यांच्या बुटांनी जीव खाऊन पळतो आणि पळता पळताच पोटावर झेपावतो. म्हणजे डोकं पुढे घालून येणारा हा खेळ मुळात पायांचा आहे आणि पाय पुढे करून येणारं ल्यूज हातांचं. मला स्वतःला हे उमगायला दोन ऑलिम्पिक लागली.

यातूनच खेळाडू कुठून येतात हेही उलगडतं. ल्यूजवाले बहुतेक लहानपणापासून ट्रॅकवर वाढलेले असतात, म्हणून ज्या देशाकडे ट्रॅक त्याची चांदी. जर्मनीचा गेऑर्ग हाकल १९९२, १९९४ आणि १९९८ अशी लागोपाठ तीन सुवर्णं घेऊन गेला. नताली गायझेनबर्गरने २०१४ ते २०२२ या तीन ऑलिम्पिकमध्ये सहा सुवर्णं जिंकली. स्केलेटनमध्ये मात्र चांगला धावपटू मोठेपणी येऊनही वर जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये बर्फाचा असा एकही ट्रॅक नाही, बाथच्या विद्यापीठात फक्त ढकलण्याचा सराव करायची धावपट्टी आहे. तरी एमी विल्यम्सने २०१० मध्ये आणि लिझी यार्नल्डने २०१४ व २०१८ मध्ये महिलांचं सुवर्ण ब्रिटनला मिळवून दिलं. यार्नल्ड आधी हेप्टॅथलॉन, म्हणजे धावणं-उड्या-फेकीची सात प्रकारांची स्पर्धा, खेळायची. २००८ मधल्या एका गुणवत्ता शोध मोहिमेत तिची निवड झाली आणि सहा वर्षांत ती ऑलिम्पिक विजेती होती. ल्यूजमध्ये असं काही ऐकलं तर मी आधी खात्री करून घेईन.

दोन्हीत स्टिअरिंग नाही आणि खाली येताना ब्रेकही नाही. ल्यूजच्या स्लेडच्या पुढच्या वाकलेल्या टोकांना पोटऱ्यांनी दाबायचं आणि खांद्यांनी भार द्यायचा. स्केलेटनमध्ये खांदे आणि गुडघे दाबून स्लेडचा सांगाडाच किंचित पिळायचा, अगदीच गरज पडली तर बुटाचं टोक बर्फाला टेकवायचं. टेकवलं की वेळ गेला. टीव्हीवर पायामागे उडणारा बर्फाचा भुगा दिसला तर समजा, गडी घाबरला किंवा चुकला.

हनुवटी बर्फापासून जेमतेम चार-पाच बोटं वर, त्यामुळे स्केलेटन जास्त भयानक दिसतं. पण सहसा एकाच ट्रॅकवर वेग ल्यूजचा जास्त असतो आणि चूक सावरायला जागा कमी. खेळाडूला समोरचंही नीट दिसत नाही, मान किंचित उचलून पायांमधून बघायचं. २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली व्हिस्लरच्या ट्रॅकवर सरावात ट्रॅकबाहेर फेकला गेला आणि दगावला. त्यानंतर पुरुषांची सुरुवात खाली, महिलांच्या जागेवर आणली गेली. तो अपघात ल्यूजमधला होता.

आता आकड्यांची शेपटी. स्केलेटनची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, ल्यूजची हजाराव्या. वेग ताशी १३० किलोमीटर धरला तर शंभरावा भाग म्हणजे साधारण दीड वीत अंतर. हजारावा भाग म्हणजे दोन बोटंसुद्धा नाही. ल्यूजवाल्यांनी हे उगीच केलेलं नाही. १९७२ च्या साप्पोरो ऑलिम्पिकमध्ये दुहेरीत (एका स्लेडवर दोघे) इटली आणि पूर्व जर्मनी यांची वेळ तंतोतंत सारखी निघाली आणि सुवर्ण दोघांना द्यावं लागलं. पुढे हजारावा भाग आला. त्याची किंमत बार्बरा नीडरनहूबरला विचारा. १९९८ मध्ये नागानोत चार फेऱ्यांची बेरीज झाल्यावर ती सिल्के क्राउसहारपेक्षा ०.००२ सेकंदांनी मागे राहिली. डोळ्याचं पातं लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

स्केलेटन आणि बॉबस्ले (बंदिस्त गाडीत बसून असाच ट्रॅक उतरायचा खेळ) ही दोन्ही एका जागतिक संघटनेकडे, ल्यूजची संघटना वेगळी. त्यामुळे शंभराव्या भागावर थांबलेल्या बॉबस्लेत २०१८ मध्येही कॅनडा आणि जर्मनी यांनी दुहेरीचं सुवर्ण वाटून घेतलं. मला हे वाटून घेणं आवडतं. चार फेऱ्यांनंतरही घड्याळाला फरक सापडत नसेल तर दोघांना पदक दिल्याने काय बिघडतं?

टीव्हीच्या कोपऱ्यातला, कोण किती पुढे-मागे ते सांगणारा हिरवा-लाल आकडा वाचताना मात्र हे ध्यानात असू द्या. ल्यूजमध्ये ०.१०० सेकंदांनी मागे म्हणजे चांगलाच मागे. स्केलेटनमध्ये तेवढं भरून निघताना दिसतं. अर्थात कधीकधी आकडे बघायची गरजच उरत नाही. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाचा युन सुंग-बिन आयर्न मॅनचं हेल्मेट घालून आपल्याच देशात, त्यांच्या नववर्षाच्या दिवशी उतरला आणि तब्बल १.६३ सेकंदांनी जिंकला. ते धावणं पुन्हा कुठे बघायला मिळालं तर सोडू नका.

इतिहासात फार शिरत नाही. स्केलेटन १९२८ आणि १९४८ मध्ये सेंट मॉरित्झला झालं, मग थेट २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला परतलं. ल्यूज १९६४ पासून सलग आहे.

भारतीय प्रेक्षकाला ल्यूज जवळचं वाटतं ते शिवा केशवनमुळे. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा हा मुलगा १९९८ मध्ये सोळाव्या वर्षी नागानोला गेला आणि २०१८ पर्यंत सहा ऑलिम्पिक खेळला. देशात ट्रॅक नाही, म्हणून स्लेडला चाकं लावून हिमाचलच्या घाटरस्त्यांवर सराव. ट्रक, मेंढ्या, वळणं, सगळं चुकवत. २०१४ मध्ये सोचीला तर भारतीय ऑलिम्पिक संघटनेवर बंदी असल्याने तो ऑलिम्पिकच्या झेंड्याखाली उतरला. त्याची स्पर्धा ९ फेब्रुवारीला संपली आणि बंदी ११ तारखेला उठली. पदक आलं नाही, पण उताणा झोपून घाट उतरणारा माणूस बघितला की ल्यूज म्हणजे काय हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र फक्त ल्यूजकडे आहे, २०१४ पासून आलेली सांघिक रिले. स्केलेटनमध्येही २०२६ पासून एक स्त्री आणि एक पुरुष अशी मिश्र सांघिक स्पर्धा आहे, पण ल्यूजच्या रिलेची गंमत वेगळी. शेवटच्या रेषेवर डोक्यावर एक पाटी टांगलेली असते. तोवर पाठीवर पडून आलेल्या खेळाडूने त्या वेगात उठून तिला हाताने थाप मारायची, तेव्हा कुठे वर साथीदाराचं फाटक उघडतं. थाप हुकली तर फाटक बंदच राहतं आणि वरचा खेळाडू मुठी धरून नुसता बसून राहतो. आमच्या घरात सगळ्यांत मोठा आरडाओरडा त्या पाटीसाठी होतो. "अगं मार, मार!" म्हणून सोफ्यावरचे हातसुद्धा वर जातात.