पाइप बदलला की फ्युएल ट्यूनर का लागतो, ही भानगड आली कुठून

इंदूरात रविवारी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन जाम गेटकडे निघालं की ग्रुपमध्ये कोणीतरी विचारतंच, सायलेन्सरचा पाइप तर बदलला, आता ट्यूनर (इंजिनाला जाणारं पेट्रोल जुळवणारी डबी) कोणता घेऊ? किमती बघायच्या आधी हे सगळं सुरू कुठून झालं ते कळलं ना, तर अर्धा निर्णय तिथेच होतो.

कार्बोरेटरच्या काळात ट्यूनर म्हणजे मिस्त्रीच. मोकळा सायलेन्सर लावला की इंजिन हवा जास्त ओढायचं, पेट्रोल मात्र तेवढंच, म्हणजे गाडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), मग मिस्त्री मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, एक-दोन नंबर मोठा टाकायचा, सुईची क्लिप एक खाच खाली घ्यायचा, एक चक्कर मारून प्लग उघडून बघायचा. पांढराफट्ट म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त, बिस्किटासारखा तपकिरी आला की झालं काम. खर्च एका जेटचा. ती नजर खरंच मोठी होती.

बाइकवर फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणं, कावासाकीने 1980 मध्ये झेड1000 वर आणलं. आपल्याकडे 2006 ला ग्लॅमर एफआय, 2007 ला पल्सर 220, 2008 ला आर15, 2009 ला क्लासिक 500. क्लासिक 350 मात्र 2020 उजाडेपर्यंत कार्बोरेटरवरच, आणि 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा नव्या गाड्यांत जेट बदलायची सोयच संपली.

आता इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ईसीयूमधला (गाडीचा छोटा कॉम्प्युटर) मॅप, म्हणजे पेट्रोलच्या मापाचा तक्ता, ठरवतो, आणि तो मॅप कंपनीच्या पाइपसाठी बनलेला असतो. आपल्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचण्यांचं केंद्र आहे, 11.3 किमीचा हाय-स्पीड ट्रॅक, अशा ठिकाणी गाडीच्या किती चाचण्या होतात ते बघितलं की तो मॅप सहज छेडायची गोष्ट नाही हे पटतं. सावकाश चालवताना ओ2 सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून ईसीयू मिश्रण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल याच्या आसपास ठेवतो, म्हणजे थोडा फरक ईसीयू स्वतःच भरून काढतो. पण थ्रॉटल पूर्ण उघडलं की सेन्सरचं ऐकणं बंद, तिथे 12.5 ते 13 हवं असतं आणि ईसीयू मॅपवरच चालतो, त्याला पाइप बदललेला माहीतच नसतो.

ही फट भरायला डब्या आल्या. काही डब्या हवेच्या तापमानाचा सेन्सर फसवतात, हवा आहे त्याहून गार आहे असं सांगतात, मग ईसीयू थोडं पेट्रोल वाढवतो, पण सगळीकडे सारखंच. डायनोजेटचा पॉवर कमांडर ईसीयू आणि इंजेक्टरच्या मधे बसतो आणि इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ आरपीएम आणि थ्रॉटलप्रमाणे बदलतो. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सने पॉवरट्रॉनिक आणि फ्युएलएक्स आणले, तेव्हा ही गोष्ट आपल्या रोजच्या गाड्यांपर्यंत पोचली. तिसरा रस्ता ईसीयू फ्लॅश करून मॅपच नवा टाकायचा. कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत 2016 साली हार्ले-डेव्हिडसनला अशाच ट्यूनरवरून 1.2 कोटी डॉलर दंड बसला, कारण त्याने प्रदूषण वाढतं, आणि आपल्याकडेही कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेला पाइप रस्त्यावर चालत नाही.

मध्ये ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पण आलं. इथेनॉलला मुळातच जास्त इंधन लागतं, त्यामुळे तेच मोजमाप वापरलं की गाडी अजून लीनकडे झुकते, म्हणून जुन्या पेट्रोलवर बनवलेला तयार मॅप आज जसाच्या तसा टाकू नका.

माझं मत स्पष्ट आहे. नुसता स्लिप-ऑन, मागचा डबा तेवढा बदलला आणि कॅट जागेवर आहे, तर बहुतेक गाड्यांना काही लागत नाही, थ्रॉटल सोडल्यावर दोन-चार फटाके वाजले म्हणून घाबरू नका. बेंडपाइपपासून (इंजिनातून निघणारा पहिला पाइप) पूर्ण सिस्टिम आणि सोबत मोकळा एअर फिल्टर असेल तर मात्र सेन्सर फसवणारी डबी पुरत नाही, इंजेक्टरवर बसणारा ट्यूनर घ्या किंवा फ्लॅश करा, तेही डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं मशीन) वाइडबँड सेन्सर, म्हणजे मिश्रण नेमकं मोजणारा सेन्सर, लावून मोजूनच. आणि ऑर्डर द्यायच्या आधी नव्या बेंडपाइपला ओ2 सेन्सरचं भोक आहे की नाही ते बघा, नसेल तर चेक इंजिनचा दिवा लागलेलाच राहील.