गीझरचा प्लग का वितळतो?

ठाण्यात नौपाड्यातली जुनी इमारत असो की नवी मुंबईत वाशी-ऐरोलीतलं सिडकोचं घर, गीझरच्या प्लगची एक पिन काळी पडलेली अनेक ठिकाणी दिसते. प्लॅस्टिक तपकिरी होतं, जळका वास येतो, पण एमसीबी, म्हणजे धारा जास्त झाली की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, काही पडत नाही. मग नुसता प्लग बदलला जातो आणि काही महिन्यांत नवाही वितळतो. हे का होतं ते दोन सूत्रांत कळतं.

पहिलं सूत्र गेओर्ग ओहमने १८२७ साली मांडलं: दाब (व्होल्टेज) भागिले धारा (करंट) म्हणजे रोध (रेझिस्टन्स). दुसरं: दाब गुणिले धारा म्हणजे शक्ती. गीझरवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं छापलेलं असतं. २००० भागिले २३० केलं की धारा निघते ८.७ अँपियर. २३० भागिले ८.७ केलं की एलिमेंटचा, म्हणजे पाणी तापवणाऱ्या आतल्या कॉइलचा, रोध येतो साधारण २६.५ ओहम.

हा रोध घरी तपासता येतो. मेन बंद करा, प्लग काढा, मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा आणि प्रोब खालच्या दोन पिनांना लावा. गीझरच्या अंगावर बटण असेल तर ते चालू ठेवा. पाणी गरम असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर वीज तोडणारा आतला स्विच, उघडलेला असतो आणि मीटर अनंत रोध दाखवतो. एलिमेंट गेलं असं समजून ते बदलायची घाई करू नका, पाणी निवल्यावर पुन्हा बघा. प्रोब एकमेकांना टेकवल्यावर जे ०.३-०.४ ओहम दिसतात, ते वजा करा. वरची जाड पिन आणि खालच्या कोणत्याही पिनमध्ये मात्र रीडिंग यायला नको. आलं, तर एलिमेंट अर्थला लागलं आहे आणि गीझर वापरणं धोक्याचं आहे.

चालू गीझरची धारा मोजायची तर क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर, लागतो आणि तो फक्त फेजच्या वायरभोवती लावायचा. फेज-न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र पकडल्या तर परस्परविरुद्ध धारा एकमेकींना खोडतात आणि आकडा शून्य येतो. साध्या मल्टिमीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात असताना प्रोब सॉकेटमध्ये घालू नका. त्या भोकाचा आतला रोध जवळजवळ शून्य असतो, म्हणजे तो सरळ शॉर्टसर्किट होतो.

आता मूळ प्रश्न. सॉकेटच्या आतली स्प्रिंग सैल झाली किंवा दमट हवेने तिच्यावर काळपट थर चढला, की पिन आणि स्प्रिंगमध्ये छोटासा रोध तयार होतो. तो अर्धा ओहम धरा. एकूण रोध झाला २७, धारा उतरली ८.५ अँपियरवर. उष्णता म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध: ८.५ × ८.५ × ०.५, सुमारे ३६ वॅट. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न ज्या उष्णतेने कथील वितळवते, त्याहून जास्त उष्णता एका पिनेच्या टोकाशी कोंडलेली असते. तापल्याने स्प्रिंग आणखी सैल होते, थर वाढतो. रोध एक ओहम झाला की तिथे ७० वॅट.

एमसीबी गप्प राहतो, कारण त्याला फक्त धारा कळते आणि इथे धारा वाढण्याऐवजी कमी झालेली असते. म्हणून या दोषावर एमसीबीचा भरवसा अजिबात धरू नये.

वायरचंही गणित हेच. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. बोर्डापासून बाथरूम १५ मीटर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे ०.३६ ओहम आणि जवळपास २७ वॅट. पण ही उष्णता ३० मीटरवर पसरते, म्हणून वायर जेमतेम कोमट होते. तरीही गीझरला अडीच चौरस मिलिमीटरच टाकावी.

दाब कमी झाला की धारा वाढते आणि वायर जळते, हे मोटरबाबत खरं असू शकतं, गीझरबाबत नाही. २१० व्होल्टला तोच रोध ८ अँपियरपेक्षा थोडी कमी धारा घेतो आणि शक्ती १६७० वॅटच्या आसपास राहते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला १८ मिनिटांऐवजी २२ मिनिटं लागतात, इतकंच. पंखा, फ्रिज यांना हे सरळ गणित लावू नये; त्यांची धारा दाबाच्या मागे राहते, त्यामुळे व्होल्ट गुणिले अँपियर हा आकडा खऱ्या वॅटपेक्षा मोठा येतो.

दुरुस्ती करताना प्लग आणि १६ अँपियरचा सॉकेट दोन्ही एकदम बदलायला सांगा. जळका सॉकेट तसाच ठेवला तर नवी पिन त्याच सैल स्प्रिंगमध्ये बसते. काळवंडलेली वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून घ्यावी, सगळ्या तारा पिळून एकत्र भोकात जाव्यात आणि स्क्रू इन्सुलेशनवर नव्हे, तांब्यावर आवळावा. त्यानंतर गीझर १५ मिनिटं चालवा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि आधी हात जवळ नेऊन अंदाज घ्या. एक पिन दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर त्या बाजूचा स्क्रू किंवा स्प्रिंग अजून सैल आहे.