दोन उंट, 106 वर्षं

जानेवारी 2013, नेदरलँड्समधल्या विक आन झे गावातली बुद्धिबळ स्पर्धा. काळे मोहरे जगज्जेत्या विश्वनाथन आनंदकडे, समोर आर्मेनियाचा लेव्हॉन अरोनियन. सोळाव्या खेळीला आनंदने घोडा पटाच्या मध्यावर आणला, तेव्हा त्याचे दोन घोडे, एक उंट आणि एक हत्ती असे चार मोहरे एकाच वेळी माऱ्यात होते. नवख्याला वाटेल, हा माणूस चळला.

जुन्या डावांची आवड असलेल्यांना मात्र 1907 आठवलं. रशियन साम्राज्यातल्या लॉड्झ शहरात रॉटलेवीविरुद्ध अकिबा रुबिनस्टाइन काळ्याकडून खेळत होता. सुरुवात अगदी सोवळी, वजिराच्या प्याद्याची. पटाच्या दोन बाजू जवळपास आरशातल्यासारख्या. पण रॉटलेवीने वजीर आणि उंट मागेपुढे करण्यात वेळ दवडला. तोवर काळ्याचे हत्ती मोकळ्या पट्ट्यांवर पोचले आणि दोन्ही उंट शेजारच्या कर्णांवरून पांढऱ्या राजावर रोखले गेले. मग रुबिनस्टाइनने वजीर खुशाल माऱ्यात सोडला, दुसरा हत्ती थेट पांढऱ्या वजिराच्या शेजारी नेऊन ठेवला. पंचविसाव्या खेळीला खेळ खलास.

हे सुचतं कसं? खूप पुढचं पाहून, असं आपल्याला वाटतं. नेदरलँड्सच्या आद्रिआन द ग्रूट या मानसशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात तपासलं, तर ग्रँडमास्टर इतरांपेक्षा फार खोल पाहत नव्हते. योग्य खेळीकडे त्यांची नजर आधी जात होती. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली. उस्ताद नवख्याच्या कितीतरी पुढे. तेच मोहरे वाटेल तसे विखुरले, तर उस्तादाचा तोरा जवळजवळ संपला. म्हणजे तल्लख स्मरणशक्ती वगैरे काही नाही. त्याला सुटे मोहरे दिसतच नाहीत, ओळखीचे पुंजके दिसतात. उस्तादाकडे असे सुमारे 50,000 पुंजके साठलेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

आनंदच्या डावाचा काही भाग घरूनच तयार करून आणलेला होता, हेही खरं. पण घरी तरी नेमकं कुठे खणायचं, हे ओळखीची नजरच सांगते.

त्याची शेवटची, तेविसावी खेळी पाहा. उंट एक घर सरकला. ना मार, ना शह. पण त्याने पांढऱ्या वजिराची वाट अडली आणि वजिराने राखलेलं राजाजवळचं प्यादं उघडं पडलं. दुसऱ्या उंटाने लांबून त्याच्या शेजारचं प्यादं आधीच जखडलेलं, म्हणजे ते हललं तर राजाच माऱ्यात. अरोनियनने डाव सोडला.