गोधडी : घरातील जतन आणि मांडणी

जुनी लुगडी, धोतरे, सदरे यांचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण म्हणजे गोधडी. कोल्हापूर-साताऱ्याकडे हीच वाकळ, तान्ह्या बाळाचे ते दुपटे. उत्तर कर्नाटकातील कौदी, यल्लापूर-हल्याळ भागातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रियांची कवंदी आणि बंगालची कांथा ही तिची भावंडे.

घरातली जुनी गोधडी जपायची म्हटले की पहिला पेच आपल्या रीतीतच असतो. गोधडी विरली की तिच्यावर नवे लुगडे चढवून पुन्हा टाके घालायचे, असा शिरस्ता. म्हणून तर आजीच्या गोधडीच्या पोटात पणजीची गोधडी सापडते. रोज पांघरायची असेल तर याहून चांगली दुरुस्ती नाही. पण ठेवणीतल्या गोधडीची जुनी बाजू त्याने कायमची झाकली जाते. उसवलेल्या जागेतून आतला इरकली काठ डोकावत असेल तर तो तसाच दिसू द्यावा. घरातल्या बायकांच्या हाताची ती एकमेव नोंद असू शकते. काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि कोणते कापड कोणाचे होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे.

सर्वांत जास्त नुकसान धुण्याने होते. भिजलेल्या गोधडीचे वजन जीर्ण धाग्यांना पेलत नाही, लाल आणि निळे रंग फुटतात. ओला पांढरा कापूस रंगावर हलके दाबून पाहावा. डाग उमटला तर पाण्याचा विचार सोडावा. जाळीचे कापड पसरून त्यावरून व्हॅक्यूम क्लीनर अगदी मंद चालवला तरी बरीच धूळ निघते. काही जुन्या कापडांत काळ्या-तपकिरी चौकड्याच तेवढ्या झडलेल्या आणि बाकीचे कापड शाबूत दिसते. त्या रंगासाठी वापरलेले लोह सुताला खात राहते. अशा जागी ओढून टाका घालू नये. धुऊन आटवलेल्या मऊ मांजरपाटाचा तुकडा खालून सरकवावा आणि बारीक सुईने, सुती दोऱ्याने, सैल टाक्यांनी धरावा. पॉलिएस्टरचा चिवट दोरा जुने सूत कापतो. डिंक किंवा इस्त्रीने चिकटणारे अस्तर तर नकोच.

भिंतीवर लावताना खिळे आणि चिमटे टाळावेत, कारण सगळा भार दोन-चार बिंदूंवर येतो. वरच्या कडेला मागून रुंद सुती पट्टीची खोळ शिवावी, टाके सर्व थरांतून घ्यावेत आणि खोळीत दांडी घालावी. फार जीर्ण गोधडी टांगूच नये, आडवी पसरून ठेवावी. संग्रहालयांत कापडावरचा उजेड साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स हे उजेडाचे माप) म्हणजे अगदी मंद ठेवतात; घरात निदान खिडकीसमोरची भिंत टाळावी, आणि कोकणात पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही. काचेची चौकट केलीच तर काच कापडाला टेकू देऊ नये. काही महिन्यांनी गोधडी उतरवून विसावू द्यावी.

ठेवताना घडीपेक्षा गुंडाळी बरी: जाड नळीवर मांजरपाट, त्यावर गोधडी, बाहेरून पुन्हा मांजरपाट. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवावा, कापडाला लावून नव्हे. पावसाळा सरल्यावर गुंडाळी उलगडून सावलीत वारा द्यावा आणि शिवणींच्या खाचा नीट तपासाव्यात. कसर तिथेच दडते.