कृष्णाकाठच्या घरात वाळवंटातलं मांजर

सांगलीत कुणाच्या जुन्या वाड्यात, कुणाच्या सोसायटीच्या जिन्याखाली मांजर व्यालं की दीड-दोन महिन्यांत पिल्लांना घरं शोधायची धावपळ सुरू होते. पिल्लू घ्यायचं पक्कं झालं की मुलं मोबाइलवर सामान बघायला बसतात. मऊ गादी, घुंगराचा पट्टा, मांजराच्या चेहऱ्याची रंगीत वाटी, थंडीसाठी छोटासा स्वेटर. हौस समजण्यासारखी आहे, पण यातल्या एकाही वस्तूवाचून मांजराचं अडत नाही. कशावाचून अडतं हे ठरवायचं तर हा प्राणी मुळात कुठला, तिथून सुरुवात करावी लागते.

आपली पाळीव मांजरं 'फेलिस लिबिका' या रानमांजराची वंशज आहेत, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासातून स्पष्ट झालं. हे रानमांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या, रखरखीत मुलखातलं. एकट्याने शिकार करणारं, आणि अंगाने लहान असल्यामुळे स्वतःही मोठ्या जनावरांच्या तोंडी पडणारं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे माणसानेच ती समुद्रापलीकडून नेली असणार. सोबत इतकी जुनी असली तरी मांजराचं यकृत, मूत्रपिंडं, जीभ आणि नखं अजून त्या कोरड्या मुलखाच्या हिशेबानेच चालतात. सामान घेताना त्या अवयवांचं ऐकावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

माझ्या यादीत पहिलं नाव कॅरियरचं, म्हणजे मांजर ने-आण करायच्या पेटीचं. सांगलीकराला तर हे पटवून द्यावं लागू नये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तशा वेळी बोटीत बसताना घाबरलेलं मांजर नुसत्या हातांनी धरून ठेवणं कुणालाही जमणार नाही, आणि पोत्यात घातलेलं मांजर गुदमरतं. पूर नसला तरी लसीकरणासाठी, आजारपणात दवाखाना आहेच. कापडी पिशवीवजा कॅरियरपेक्षा कडक प्लास्टिकचा घ्यावा, ज्याचं वरचं झाकण क्लिपा काढून पूर्ण वेगळं होतं. डॉक्टरांच्या टेबलावर झाकण तेवढं उचलायचं. मांजर खालच्या अर्ध्या भागात, आपल्या ओळखीच्या वासाच्या फडक्यावर बसलेलं असतानाच तपासणी होते. दारातून ओढून काढलं की जी ओरबाडाओरबाडी होते ती टळते.

आणि हा कॅरियर माळ्यावर टाकायचा नाही. दार उघडं ठेवून, आत जुनी ओढणी घालून तो खोलीच्या कोपऱ्यात कायम असू द्यावा. मांजराच्या गालांजवळ गंधग्रंथी असतात. येता-जाता ते कॅरियरच्या कडांना गाल घासतं आणि ती जागा आपली करून घेतं. फक्त दवाखान्याच्या दिवशीच दिसणाऱ्या कॅरियरपासून मात्र ते पलंगाखाली पळतं.

दुसरी वस्तू लिटर ट्रे, म्हणजे मांजराला शी-शू करायला लिटर (मातीसारखे दाणे) भरून ठेवलेला ट्रे, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण मांजर घरात राहणार की दाराबाहेर काढलं जाणार हे बहुतेक घरांत याच वस्तूवर ठरतं. विष्ठा मातीत पुरायची सवय मांजराला शिकवावी लागत नाही. मऊ, कोरडं, उकरता येईल असं काही मिळालं की पिल्लू आपणहून तिथे जातं. पूर्वी लोक वाळू नाहीतर चुलीतली राख ठेवायचे. १९४७ साली अमेरिकेत एड लो यांनी भाजलेल्या मातीचे दाणे यासाठी विकायला सुरुवात केली, आणि पुढे १९८० च्या दशकात गोळा होणारं लिटर आलं. ते सोडियम बेंटोनाइट नावाच्या मातीचं असतं. ही माती आपल्याकडे गुजरातेत कच्छमध्ये भरपूर सापडते.

या मातीची करामत जवळून पाहण्यासारखी आहे. चमचाभर कोरडं लिटर बशीत घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी सोडा. दाणे आधी काळपट होतात, मग फुगतात, कडा एकमेकींत मिसळतात आणि थोड्या वेळात बोटाने उचलता येईल असा चिकट गोळा तयार होतो. बेंटोनाइटचा प्रत्येक कण म्हणजे अतिशय पातळ थरांची रास. पाणी या थरांच्या मध्ये शिरतं, थर एकमेकांपासून दूर सरतात, म्हणून माती फुगते आणि पाणी धरून ठेवते. वाळूच्या कणात असे थर नसतात. लघवी सरळ खाली झिरपते, तळाशी साचते आणि तिथले जिवाणू तिच्यातल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. घरभर पसरणारा वास तो हाच. लिटरमध्ये लघवीचा गोळा तसाच्या तसा उचलून टाकता येतो. तो संडासात मात्र टाकू नये. जो गुण ट्रेमध्ये उपयोगी, तोच पाइपात नळी तुंबवतो.

एक सावधगिरी. दोन-अडीच महिन्यांच्या आतलं पिल्लू दिसेल ते तोंडात घालतं, आणि हा गोळा पोटातही होऊ शकतो. तितक्या लहान पिल्लाला न फुगणारं लिटर, किंवा कागदाचं, लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांचं द्यावं.

ट्रे किती मोठा? मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. दुकानातले बरेचसे ट्रे यात नापास होतात. बांधकामाच्या दुकानातलं मोठं प्लास्टिकचं घमेलं किंवा पसरट टब उत्तम चालतो. पिल्लासाठी एका बाजूची कड कापून उंबरा खाली घ्यावा आणि धार घासून काढावी. लिटरचा थर तीन-चार बोटं. सुगंधी लिटर घेऊ नये, तो सुगंध माणसाच्या नाकासाठी असतो आणि बऱ्याच मांजरांना तो नकोसा होतो. जेवणाच्या वाटीशेजारी किंवा दणदणणाऱ्या वॉशिंग मशीनच्या बाजूला ट्रे ठेवला तर मांजर दुसरी जागा शोधणारच, आणि ती बहुधा तुमची गादी असते.

ट्रे रोज साफ करण्यामागे स्वच्छतेखेरीज आणखी एक कारण आहे. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच संसर्ग करू शकत नाहीत. त्यांना पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोजच्या रोज विष्ठा उचलली तर धोका बराच कमी होतो. सून गर्भार राहिली की घरातलं मांजर सोडून येणारे लोक आहेत. त्याची गरज नाही. ते नऊ महिने ट्रे घरातल्या दुसऱ्या कुणी साफ करावा, मांजराला कच्चं मांस देऊ नये आणि भाज्या नीट धुवाव्यात, एवढं पुरतं.

आता वाट्या. स्टीलच्या पसरट वाट्या प्रत्येक घरात असतात, वेगळ्या घ्यायची गरजच नाही. प्लास्टिकला चरे पडतात आणि त्यात तेलकटपणा धरून राहतो. पाण्याचं भांडं तोंडाला रुंद असावं. मांजर पाणी कसं पितं यावर २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक सुंदर शोधनिबंध आला होता. मांजर जिभेचा पेला करत नाही. जिभेचं टोक उलटं वळवून पाण्याला नुसता स्पर्श करतं आणि झर्रकन वर ओढतं. मागोमाग पाण्याचा बारीक खांब वर चढतो आणि तो खाली पडण्याआधी मांजर तोंड मिटतं. सेकंदाला साधारण चार वेळा. इतकं करूनही दर वेळी पोटात जातं ते थेंबभर. पाणी कमी पिण्याचीच या प्राण्याची घडण आहे, कारण रानात ते बहुतेक पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळवतं. कोरड्या कॅट फूडमध्ये पाणी जेमतेम दहा टक्के असतं, तर पाकिटातल्या ओल्या खाण्यात पाऊणभाग. म्हणून नुसत्या कोरड्या खाण्यावर ठेवलेल्या बोक्यांमध्ये लघवी अडण्याचा त्रास विशेष सांभाळावा लागतो. घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावं, आणि रोज थोडं तरी ओलं खाणं द्यावं.

दूध-चपाती हा आपल्याकडचा मांजराचा ठरलेला खुराक. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं, मग जुलाब. चपातीतून पोट भरतं, पण मांजराला टॉरिन हा घटक आयता अन्नातूनच लागतो आणि तो मांस-मासळीतच असतो. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये कळलं. १९८७ मध्ये लक्षात आलं की हृदयाचे स्नायूही त्यामुळेच ढिले पडतात, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारतात. त्यानंतर कॅट फूडमधलं टॉरिन वाढवण्यात आलं. सांगली परिसरात शाकाहारी घरं पुष्कळ आहेत. त्यांना आदरपूर्वक सांगावंसं वाटतं की मांजर आपल्या ताटात सामील होऊ शकत नाही. स्वयंपाकघरात मांस आणायचं नसेल तर चांगल्या प्रतीचं तयार खाणं बाहेरच्या खोलीत द्यावं. तेही मनाला पटत नसेल तर मांजर न पाळणं जास्त दयेचं. उलट नुसतं उकडलेलं चिकन हाही पूर्ण आहार नाही. टॉरिन उकळलेल्या पाण्यात उतरतं, आणि निव्वळ मांसात कॅल्शियम इतकं कमी असतं की वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. पहिलं वर्षभर पिल्लांसाठीचं म्हणून लिहिलेलं खाणं मुख्य ठेवावं, चिकन वरून.

काही वस्तू आणायच्या नसतात, काढून टाकायच्या असतात. सगळ्यात आधी फिनेल. माणसाच्या यकृतात अशी अनेक रसायनं एका साखरेच्या रेणूला जोडून निकामी केली जातात आणि लघवीवाटे बाहेर जातात. मांजरात हे काम करणारं एक महत्त्वाचं जनुक बंद पडलेलं आहे. त्यामुळे फिनॉल असलेली जंतुनाशकं त्याच्या अंगात साचून राहतात. पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं, मग बसून पाय चाटतं. विष तिथूनच जातं. साबणाचं पाणी आणि ऊन पुरे. याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. 'ताप आलाय, चतुर्थांश देऊन बघू' असं कधीही करू नका. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, तेही मांजरावर कदापि लावायचं नाही. वाढदिवसाच्या गुच्छातली लिली घरात आणू नये. तिच्या परागांनीही मूत्रपिंडं निकामी होतात.

नखांसाठीचा खांब लोकांना चैन वाटतो. मांजर नखं घासतं ते वरचं जुनं टरफल काढायला, पाठ ताणायला आणि पंज्यातल्या ग्रंथींचा गंध ठेवायला. हे थांबवता येत नाही, जागा तेवढी देता येते. परदेशी खांबांना गुंडाळलेला सिसलचा दोर म्हणजे आपल्या घायपाताच्याच कुळातल्या झाडाचा वाख. साताऱ्याकडच्या बांधांवर घायपात पाहिलेला असतो, त्याचं हे घरगुती रूप. दोन-तीन फूट उंचीचा लाकडी वासा, खाली जड पाट ठोकलेला, आणि त्यावर घट्ट फेरे घेऊन गुंडाळलेला दोर, टोकं खिळ्यांऐवजी फेविकॉलने बसवलेली. मांजराने पूर्ण अंग टाकून ओढलं तरी खांब हलता कामा नये; एकदा डगमगला की ते पुन्हा त्याला शिवणार नाही आणि सोफ्याकडे वळेल. खांब झोपायच्या जागेजवळ ठेवावा, कारण उठल्या उठल्या त्याला आळस द्यायचा असतो.

गादीऐवजी पुठ्ठ्याचं खोकं द्या. नेदरलँड्समधल्या एका निवारा केंद्रात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, तर ती इतरांपेक्षा लवकर सावरली, असं २०१४ च्या अभ्यासात दिसलं. शिवाय अंगाची ऊब राखायला जास्तीची शक्ती खर्च करावी लागू नये असं मांजराच्या भोवतालच्या हवेचं तापमान साधारण ३० ते ३८ अंश आहे. आपल्याला जिथे पंखा लागतो तिथे ते आरामात असतं, आणि डिसेंबरच्या पहाटे ते तुमच्या रजईत का शिरतं हेही यावरून कळतं.

खेळण्यात एकच गोष्ट जिवावर बेतते, ती म्हणजे दोरा. मांजराच्या जिभेवरचे काटे मागच्या बाजूला वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, तो आतच ओढला जातो. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकतं, आणि नाडी ओढल्यावर नेफा गोळा व्हावा तसं आतडं दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होतं. कधी कधी दोरा ते कापतोही. शिवणाचा डबा, राख्या, भेटवस्तूंच्या फिती, पतंगाचा मांजा हे सगळं बंद कपाटात हवं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या. काठीला पीस बांधून खेळवावं, आणि खेळ संपला की काठी उचलून ठेवावी.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडक्यांना तारेची जाळी बसवा, डासांची नायलॉन जाळी मांजर फाडतं. पट्टा घालायचाच तर ताण पडला की आपोआप सुटणाऱ्या क्लिपचा.

पहिला आठवडा पिल्लाला एकाच खोलीत ठेवावं, एका कोपऱ्यात ट्रे, समोरच्या कोपऱ्यात वाट्या, मध्ये उघडा कॅरियर. आठव्या आठवड्याच्या सुमारास तीन आजारांवरची लस सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. तिसरा महिना पूर्ण झाला की रेबीजची. साधारण पाच-सहा महिन्यांत नसबंदी. नसबंदी न केलेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचा घटक भरपूर असतो, भिंतींवर फवारलेला तो उग्र दर्प त्याच्यापासूनच येतो आणि नसबंदीनंतर बराच उतरतो. भाटीची नसबंदी केली नाही तर वर्षभरात जिन्याखाली पुन्हा पिल्लं आलीच. लस आणि शस्त्रक्रिया यांचे पैसे सामानाच्या यादीतच धरावेत, आणि हिशेब तिथूनच मांडायला घ्यावा.