उंदीर वाचले, रुग्ण नाही

जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराची प्रतिक्रियाच बिघडते आणि अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. उंदरांना त्यातून वाचवणारी औषधं प्रयोगशाळांत कितीतरी सापडली, पण रुग्णांपर्यंत पोहोचता पोहोचता ती नापास झाली. टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला अडवणाऱ्या अँटिबॉडींनी १९८०च्या दशकात उंदीर आणि बबून वाचवले होते. रुग्णांवरच्या चाचण्यांत त्यांनी निराशा केली. एरिटोरान हे औषधही २०१३मध्ये मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरलं. डॉक्टरांची मुख्य भिस्त आजही अँटिबायोटिक, सलाइन आणि अवयवांना आधार यांवरच आहे.

खापर बहुतेकदा उंदरावर फुटतं. काही अंशी ते रास्त आहे. जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन किलोमागे दोन-चार नॅनोग्रॅम टोचलं तरी धडधाकट माणसाला थंडीताप भरतो. उंदीर मारायला मात्र मिलिग्रॅमच्या हिशोबात द्यावं लागतं, आणि नॅनोग्रॅम व मिलिग्रॅम यांत दहा लाख पटींचं अंतर असतं! शिवाय सेप्सिसमध्ये माणसाला बहुधा ताप येतो, उंदीर गार पडतो.

२०१३मध्ये एका अमेरिकी गटाने जनुकांच्या हालचाली तपासून जाहीर केलं, की उंदराचा प्रतिसाद माणसाशी फारसा जुळत नाही. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी तीच आकडेवारी वेगळ्या रीतीने तपासली आणि चांगला मेळ असल्याचं म्हटलं. हा वाद रंजक आहे खरा, पण माझ्या मते खरी गोची प्रयोगाच्या मांडणीत आहे.

उंदरांच्या नेहमीच्या प्रयोगात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी बांधून तिला भोक पाडतात. आतली घाण पोटात पसरते. हे उंदीर दोन-तीन महिन्यांचे, निरोगी आणि जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखे असतात. औषध अनेकदा संसर्गाआधी किंवा लगेचच दिलं जातं. माणसाचा सेप्सिस असा घड्याळ लावून येत नाही. रुग्ण अनेकदा वयस्कर असतो, त्याला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असतो, दुखणं अंगावर काढून तो उशिरा दाखल होतो आणि आयसीयूत त्याच्यावर आधीच डझनभर उपचार चालू असतात. उंदराला व्हेंटिलेटर कुठला? पूर्वी कित्येक प्रयोगांत अँटिबायोटिकही नसायचं.

म्हणूनच २०१८मध्ये तज्ज्ञांनी अशा प्रयोगांतही अँटिबायोटिक आणि सलाइन देण्याची शिफारस केली. दुसरीकडे, २०१९मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांचे भ्रूण रानउंदरिणींच्या पोटी वाढवून रानटी जंतूंसह जन्मलेली पिल्लं तपासली गेली. एंडोटॉक्सिन दिल्यावर टीएनएफ अडवण्याने प्रयोगशाळेतले उंदीर वाचले, ही पिल्लं वाचली नाहीत.