लिनक्सच्या एका लॉकची पंधरा वर्षं

शेकडो कोअरचा, म्हणजे प्रोसेसरच्या शेकडो गाभ्यांचा सर्व्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, याचं आज कुणाला नवल वाटत नाही. पण जून १९९६ मध्ये २.० आवृत्ती येईपर्यंत लिनक्सच्या स्थिर, म्हणजे रोजच्या वापरासाठीच्या आवृत्तीला दुसरा प्रोसेसर वापरताच येत नव्हता. मशीनमध्ये तो असला तरी नुसता बसून राही.

ही उणीव लिनक्सचे एक प्रोग्रॅमर अॅलन कॉक्स यांनी भरून काढली. थॉमस राड्के यांनी सुरुवातीचा पाया घातला होता, आणि दोन पेंटियम प्रोसेसर बसणारा असूसचा बोर्ड कॅल्डेरा कंपनीने देणगी म्हणून दिला होता. (कॅल्डेराचाच वारसा सांगणाऱ्या एससीओ ग्रुपने २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावला. बहुप्रोसेसर यंत्रांवर चालण्याची लिनक्सची ताकद युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आली, असा त्यात आरोप होता. त्या देणगीची आठवण ठेवली की हा आरोप फार खटकतो.)

एका वेळी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या आत एकच प्रोसेसर असणार, असं धरूनच तोवरचा सगळा कोड लिहिलेला होता. दोघांनी एकाच वेळी एकाच यादीत हात घातला तर यादीच तुटायची. म्हणून कॉक्स यांनी अख्ख्या कर्नलला एकच लॉक लावलं: ‘बिग कर्नल लॉक’. एक प्रोसेसर आत असेपर्यंत दुसरा दाराशी घिरट्या घालत राही. नुसती आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रॅमचं यात काही अडत नसे. पण फायली आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या सर्व्हरचं बरंचसं काम कर्नलच्या आतच चालतं. विहिरीवर पाण्याला चार जणी आणि पोहरा एकच, अशी गत.

जानेवारी १९९९ च्या २.२ मध्ये काही भागांना स्वतंत्र लॉक मिळाली, पण नेटवर्क स्टॅक, म्हणजे नेटवर्कवरची देवाणघेवाण सांभाळणारा भाग, जवळपास तसाच राहिला. एप्रिलमध्ये माइंडक्राफ्ट या चाचण्या घेणाऱ्या कंपनीने चार झिऑन प्रोसेसरच्या डेल सर्व्हरवर चाचणी घेतली. विंडोज एनटी फाइल सर्व्हर म्हणून अडीच पट, तर वेब सर्व्हर म्हणून ३.७ पट वेगवान ठरलं. पैसे मायक्रोसॉफ्टचे, त्यामुळे गदारोळ झाला आणि तो रास्तच होता. पण जूनमध्ये पुन्हा चाचणी झाली तेव्हाही एनटीच पुढे राहिलं. दुखणं खरं होतं. ते मान्य करून लोक कोडकडे वळले, ही मला या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. जानेवारी २००१ च्या २.४ मध्ये नेटवर्क स्टॅक अनेक प्रोसेसरवर एकाच वेळी चालू लागला.

पुढची झेप २.६ ची, डिसेंबर २००३ मधली. कोणतं काम कधी चालवायचं हे ठरवणाऱ्या, इंगो मोल्नार यांच्या शेड्युलरने प्रत्येक प्रोसेसरला कामांची स्वतःची रांग दिली. सीक्वेंट कंपनीच्या युनिक्समधून आयबीएममार्गे पॉल मॅकेनी यांनी आणलेलं ‘आरसीयू’ तंत्र तर फारच देखणं: वाचणाऱ्याने लॉक घ्यायचंच नाही, बदलणाऱ्याने नवी प्रत करून पॉइंटर, म्हणजे माहितीचा पत्ता दाखवणारा दुवा, तिच्याकडे वळवायचा, आणि जुनी प्रत वाचणारे सगळे बाहेर पडले की मगच ती मोडीत काढायची.

तरीही मूळ लॉक पुरतं जाईना. ते घेतलेल्या प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, ते पुन्हा घेता येई, आणि ती झोपली की ते आपोआप सुटे. त्यामुळे कोणत्या ठिकाणी ते नेमकं कशाची राखण करतंय, हे कोड वाचूनही चटकन कळत नसे. एकेक ड्रायव्हर (उपकरणं चालवणारा कोड), एकेक फाइल सिस्टिम तपासत ते सोडवावं लागलं. शेवटचा मोठा भार आर्न्ड बर्गमन यांनी उचलला, आणि मे २०११ मध्ये २.६.३९ आली ती बिग कर्नल लॉकशिवाय.